जुने घ्यावे की नवे?

बैल विकत घेताना आपला शेतकरी जेवढी चौकशी करतो, तेवढी तो इतर कोणत्याही खरेदीत करीत नाही. बाजारात बैल उभा केला की प्रथम त्याचे दात पाहिले जातात. दोनदाती जनावर दोन ते अडीच वर्षांचे, चारदाती तीन वर्षांच्या आसपासचे, सहादाती त्याहून थोडे मोठे आणि आठही दात आलेले म्हणजे जुळलेले, हे सांगण्यास कोणाला पुस्तक उघडावे लागत नाही. मग खांदा चाचपला जातो, खूर पाहिले जातात, जनावर चालवून पाहिले जाते, जमल्यास गाडीला जुंपूनही पाहिले जाते. एवढे झाल्याशिवाय रुमालाखाली बोटे धरली जात नाहीत. तोच शेतकरी पाण्याचा जुना पंप मात्र वरचा रंग पाहून आणि विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून घरी आणतो, आणि ऐन उन्हाळ्यात भुईमूग सुकू लागला म्हणजे कपाळाला हात लावतो.

वास्तविक जुनी वस्तू घेण्यात कोणताही कमीपणा नाही. बैल हा तरी बहुधा दुसऱ्याच्या दावणीचाच असतो! संसारात व शेतीत लागणाऱ्या कितीतरी वस्तू अशा आहेत की त्या जुन्या घेतल्याने पैसा वाचतो आणि काम तेवढेच होते. उलट काही वस्तू अशा आहेत की त्या फुकट मिळाल्या तरी घरात आणू नयेत. या दोहोंतील फरक ओळखणे हाच खरा प्रश्न होय. हा फरक किमतीवरून ओळखता येत नाही. वस्तूतील दोष डोळ्यांना, कानांना व हाताला कळतो की नाही, आणि कळून आला तर गावातच दुरुस्त होतो की नाही, हे पाहावे लागते. ज्या वस्तूचा दोष दडून राहतो आणि हंगामाच्या मध्यावर, किंवा माणसाच्या अंगावर उलटतो, ती जुनी घेऊ नये.

लोखंडी अवजारे

या कसोटीस उत्तम उतरणाऱ्या वस्तू म्हणजे लोखंडी अवजारे. कुदळ, पहार, फावडे, घमेले, कुऱ्हाड, कुळवाची पास, बैलाचे कोळपे यांत लपलेले असे काही नसते. झीज दिसते, तडा दिसतो, दांडा सैल आहे हे हातात घेताच समजते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनविला. तेव्हापासून अशा नांगरांच्या कितीतरी पिढ्या आपल्याकडे वापरल्या गेल्या, आणि त्यांतील जुने नांगर अजूनही काही वाड्यांच्या पडवीत उभे आढळतात. अशा नांगराचा फाळ झिजलेला असेल तर त्याचे दुःख नाही, कारण फाळ हा झिजण्यासाठीच असतो. सांगाडा वाकलेला नाही आणि ओतीव भागास तडा गेलेला नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरे. तडा पाहण्याची रीत घरातील बायांना ठाऊक आहे. कुंभाराकडून मडके घेताना त्या ते वाजवून घेतात. त्याचप्रमाणे ओतीव लोखंडावर लहान हातोडी मारून पाहावी. अखंड लोखंड खणखणीत वाजते, तडा गेलेले भद्द वाजते.

नव्या लोखंडापेक्षा जुने लोखंड सरस ठरते अशीही उदाहरणे आहेत. मालमोटारीच्या कमानीचे पाटे हे त्यांपैकी एक. हे पोलाद मुळातच ताण सोसण्यासाठी केलेले असते आणि त्याला पाणी चांगले बसते. गावचा लोहार भंगारातील अशा पाट्यांपासून जे विळे, खुरपी व पासा करतो, त्यांना बाजारातील चकचकीत परंतु मऊ पत्र्याची खुरपी कधीच येत नाहीत. लोहाराला मजुरी देऊन ही अवजारे करून घेणे हे पैशाच्या व टिकाऊपणाच्या दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे. बैलगाडीला जुना आस व जुने टायर बसविण्याचा प्रघात तर सर्वत्र आहेच. मात्र टायरच्या बाजूस भेगा पडून आतील दोरे दिसू लागले असतील, तर ते उसाच्या भाराखाली टिकत नाहीत.

ट्रॅक्टरने ओढावयाच्या अवजारांपैकी पलटी नांगर, मोगडा, फणांचा कुळव यांना हेच तत्त्व लागू पडते. पेरणी यंत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या खताच्या पेटीचा तळ खतातील क्षारांनी आतून खाल्लेला असतो आणि वरून रंग दिलेला असतो. बी मोजून सोडणाऱ्या चकत्या झिजल्या असतील तर एका ओळीत बी दाट आणि दुसऱ्या ओळीत विरळ पडते, व ते उगवण झाल्यावरच दिसते. यास्तव असे यंत्र घेण्यापूर्वी ते ठोकळ्यांवर उचलून घ्यावे, पेटीत बी भरावे, प्रत्येक नळीखाली एकेक पिशवी बांधावी आणि चाक वीस वेळा फिरवून प्रत्येक पिशवीतील बी तोलावे. तोलात ठळक फरक निघाल्यास चकत्यांची किंमत मूळ किमतीतून वजा करून मागावी.

येथेच हिशोबाची एक गोष्ट सांगणे जरूर आहे. "निम्म्या किमतीत मिळाले" हे वाक्य फार फसवे असते. उदाहरणादाखल असे समजू की, नवे पेरणी यंत्र ६०,००० रुपयांस मिळते व दहा हंगाम चालते. म्हणजे दर हंगामास ६,००० रुपये पडले. तेच जुने यंत्र ३०,००० रुपयांस मिळाले, दुरुस्तीस ८,००० रुपये लागले आणि ते चार हंगाम चालले. दर हंगामास ९,५०० रुपये पडले. निम्म्या किमतीची वस्तू दीडपटीहून अधिक महाग पडली! तेच यंत्र दुरुस्तीशिवाय आठ हंगाम चालणारे असते, तर हंगामाचा खर्च चार हजारांच्या आत आला असता. सबब जुन्या वस्तूची किंमत नव्या वस्तूच्या किमतीशी ताडून न पाहता, तिच्यात किती हंगामांचे आयुष्य उरले आहे त्याच्याशी ताडून पाहावी.

पाण्याचा पंप व मोटार

जुन्या पंपाबाबत जितके शेतकरी फसतात, तितके अन्य कोणत्याही वस्तूबाबत क्वचितच फसत असतील. याचे कारण असे की, पंप बिघडलेला असूनही चालतो. पाणी येते, आवाज येतो, विकणारा समाधानाने मान डोलावतो. परंतु आतील पंखा झिजल्याने पाण्याचा काही भाग आतल्या आतच फिरत राहतो. मोटार एकदोनदा जळून पुन्हा भरलेली असेल आणि हे काम निष्काळजीपणे झाले असेल, तर ती तीच वीज घेऊन कमी काम करते. हे दोन्ही दोष डोळ्यांना दिसत नाहीत.

त्यांची किंमत किती होते ते पाहू. समजा, मोटार साडेचार किलोवॉट वीज घेते आणि पाणी एकूण वीस मीटर उंच चढवावयाचे आहे. पंप व मोटार मिळून घेतलेल्या विजेपैकी निम्म्या विजेचे काम करीत असतील, तर सेकंदास सुमारे साडेअकरा लिटर पाणी येते. हेच प्रमाण ३५ टक्क्यांवर आले तर सेकंदास सुमारे आठ लिटरच येते. आठ तासांत पहिला संच ३ लाख ३० हजार लिटर पाणी देतो, तर दुसरा २ लाख ३० हजार. एक एकरास पाच सेंटिमीटर पाणी देण्यास सुमारे दोन लाख लिटर लागते. म्हणजे जुन्या पंपाने रोज अर्धा एकर रान कोरडे राहिले.

यावर कोणी म्हणेल की, महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना २०२४ साली शासनाने जाहीर केली, तेव्हा वीज जास्त गेली तर बिघडले काय? बिलाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी तासांचा प्रश्न उरतोच. शेतीला वीज मोजकेच तास मिळते. त्या तासांत जेवढे पाणी उपसले जाईल तेवढेच पीक जगते. बिल नसल्याने पंपाचा दोष कागदावर दिसत नाही एवढेच. तो शेताच्या दुसऱ्या टोकाला दिसतो.

तेव्हा जुना पंप घ्यावयाचाच असेल तर तो विकणाऱ्याच्या विहिरीवर चालवून पाहावा, आणि सोबत दोनशे लिटरचे एक पिंप व घड्याळ न्यावे. सेकंदास साडेअकरा लिटर देणारा पंप हे पिंप सतरा-अठरा सेकंदांत भरतो, आठ लिटर देणारा पंचवीस सेकंद घेतो. मोजणी तीन वेळा करावी. त्यानंतर पंपावरील पाटी वाचावी. किती मीटर उंचीस किती लिटर पाणी आणि किती अश्वशक्ती, हे त्या पाटीवर लिहिलेले असते. विकणाऱ्याच्या विहिरीचे पाणी बारा मीटरवर असेल आणि घेणाऱ्याचे तीस मीटरवर, तर तेथे धो-धो पाणी देणारा पंप येथे नुसता घुमेल. यात पंपाचा काहीच दोष नाही. पाटी उखडून काढलेला पंप मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तो कोणत्या विहिरीसाठी होता हे कळत नाही, आणि कोणाच्या विहिरीवरून आला हेही कळत नाही.

मोटारीची आतील तार व बाहेरील अंग यांमधील विद्युतरोध तारतंत्रीकडून मेगर लावून तपासून घ्यावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी निघाल्यास मोटारीत ओल शिरली आहे किंवा तारेचे आवरण जळाले आहे असे समजावे. ओल्या बांधावर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला अशा मोटारीच्या अंगाचा धक्का बसला तर तो पुन्हा उठतोच असे नाही. याच कारणास्तव स्टार्टर, पाण्यातील केबल व फ्यूजची पेटी या वस्तू नेहमी नव्याच घ्याव्यात. जोडांवर चिकटपट्ट्या गुंडाळलेली केबल विहिरीत सोडणे म्हणजे विस्तवाशी खेळ होय.

पाइपांबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर तुषार सिंचनाचे जुने काळे पाइप घेण्यास हरकत नाही. जोडांतील रबरी कड्या तेवढ्या नव्या घालाव्यात. उन्हात वर्षानुवर्षे पडलेला पांढरट पीव्हीसी पाइप ठिसूळ झालेला असतो. ठिबकच्या जुन्या नळ्या सहसा घेऊ नयेत. नळी मध्ये कापून पाहिल्यास आत पांढरा थर दिसतो. हा क्षार आम्लाच्या पाण्याने काही अंशी निघतो, परंतु छिद्रे एकसारखी चालतीलच याची खात्री देता येत नाही, आणि ठिबकचा सारा उपयोग तर त्या एकसारखेपणातच आहे.

पिंप, डबा, पोते आणि फवारणी पंप

वर दोनशे लिटरच्या पिंपाचा उल्लेख आला. आठवडे बाजारात निळी प्लॅस्टिकची व लोखंडी पिंपे विकावयास येतात. टंचाईच्या गावांत टँकरचे पाणी साठविण्यासाठी ती हातोहात खपतात. त्यांत पूर्वी काय भरलेले होते हे विचारणारा ग्राहक विरळा. अशी पिंपे रसायनांच्या कारखान्यांतूनही येतात. प्लॅस्टिकच्या अंगात रसायन मुरते व ते साबणाने किंवा सोड्याने धुऊन पूर्णपणे निघत नाही. वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. पिंपावरील चिठ्ठी शाबूत असेल आणि त्यात खाद्यपदार्थ होता असे तीवरून दिसत असेल, तरच ते पिण्याच्या पाण्यासाठी घ्यावे. चिठ्ठी खरवडून काढलेली असेल तर ते पिंप घरात पाण्यासाठी येता कामा नये. गोड्या तेलाचे पंधरा किलोचे डबे मात्र खुशाल घ्यावेत. गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळविल्यावर डाळी व कडधान्ये साठविण्यास ते फार सोयीचे पडतात.

कीटकनाशकाचा डबा, बाटली किंवा बुधला यांना तर कोणत्याही कामासाठी दुसरा जन्म नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ज्या भांड्यात पूर्वी कीटकनाशक होते त्यातच ते तेल ठेवले गेले असावे, असा संभव त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वर्तविला होता. अशा बाटल्या आपल्याकडेही माजघरातील फळीवर रॉकेलच्या, दिव्याच्या तेलाच्या, प्रसंगी काकवीच्या दिसतात. कीटकनाशक नियम, १९७१ यांतील नियम ४४ अन्वये रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावयाची आहेत. औषध ओतल्याबरोबर डबा तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे आणि डब्यास भोके पाडावीत. भोक पाडलेला डबा भंगारवालाही पाण्यासाठी विकू शकत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या हंगामात बांधावर जाऊन एवढे एक काम करवून घेतले तरी फार झाले.

पाठीवरचा फवारणी पंप जुना घेऊ नये, असे म्हणण्यास दोन कारणे आहेत. पहिले, जुन्या पंपाचे झाकण व नळीचे जोड गळतात आणि औषध थेट फवारणाऱ्याच्या पाठीवर उतरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या घटनांमागे अनेक कारणे होती, परंतु औषध अंगाशी येऊ न देणे हा त्यांतून निघालेला पहिला धडा होता. दुसरे कारण पिकाचे आहे. ज्या पंपाने पूर्वी तणनाशक, विशेषतः २,४-डी मारले असेल, त्याच्या टाकीत व नळीत त्याचा अंश राहतो. कपाशी, द्राक्ष व टोमॅटो ही पिके या औषधास अतिशय नाजूक आहेत. नुसत्या अंशानेही कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरटतात व वाढ खुंटते. विकणाऱ्याने कोणते औषध मारले होते हे पंपावर लिहिलेले नसते. जो पंप आधीच घरात आहे त्याची गोष्ट निराळी. तणनाशकाचा एक पंप वेगळा ठेवून त्याला लाल रंगाचा पट्टा मारून ठेवावा.

पोत्यांविषयीही असाच विवेक हवा. बाजारासाठी माल भरावयास जुने गोणपाट चालते. बियाणे ठेवावयास मात्र चालत नाही, कारण शिवणीच्या दोऱ्यांत सोंडे व त्यांची अंडी दडलेली असतात आणि ती नव्या धान्यात उतरतात. नाइलाज झाल्यास पोती उलटी करून उकळत्या पाण्यात बुडवावीत व कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावीत. औषध लावलेल्या बियाण्याची रिकामी पिशवी, जिच्या आत लाल किंवा हिरवी भुकटी दिसते, ती धान्यासाठी कधीही वापरू नये. धान्याची पत्र्याची कोठी जुनी घ्यावी. तिची परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत कोठीच्या आत पेटलेली विजेरी ठेवून झाकण लावावे. ज्या भोकातून उजेड बाहेर येतो त्यातून कीड व ओल आत जाते, आणि ते भोक डाग देऊन बुजविता येते.

ट्रॅक्टर, मळणी यंत्र व कडबा कुट्टी

जुना ट्रॅक्टर हा अनेक कुटुंबांच्या आयुष्यातील घरानंतरचा सर्वांत मोठा सौदा असतो. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेले ट्रॅक्टर लिलावात स्वस्त मिळतात आणि त्यांत चांगले ट्रॅक्टरही असतात. परंतु किंमत ठरविण्यापूर्वी नव्याचा आजचा भाव विचारून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायरवरील १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. विकणारा आपण भरलेल्या जुन्या किमतीवरून हिशोब मांडतो. घेणाऱ्याने तो मान्य करण्याचे कारण नाही. शिवाय कृषी यांत्रिकीकरणाचे शासकीय अनुदान नव्या यंत्रालाच मिळते, तेव्हा अनुदानास पात्र असलेल्याने जुन्यामागे धावण्यापूर्वी अर्जाची चौकशी करावी. ज्यांचे क्षेत्र चार-पाच एकरच आहे त्यांनी भाड्याचा ट्रॅक्टर व अवजारे बँक यांचाही विचार केला पाहिजे.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. आपण जाण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असेल तर काहीतरी लपवावयाचे आहे असे समजावे. म्हणून पोहोचताच प्रथम इंजिनावर हात ठेवून पाहावा. चालू केल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. भार नसतानाही काळा धूर निघत असेल तर इंधनाची फवारणी किंवा हवेची गाळणी बिघडली आहे. थंडीत सुरुवातीस पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही तो राहू नये. तेलकांडी ओढून तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. अशा ट्रॅक्टरचा सौदा तेथेच थांबवावा. त्यानंतर जड नांगर जोडून तो हायड्रॉलिकने उचलावा व इंजिन बंद करावे. नांगर भराभर खाली येत असेल तर तो खर्च आपल्या माथी येणार आहे. तासमापकाचा आकडा कमी आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, अशी विसंगती आढळल्यास रबरावर विश्वास ठेवावा, आकड्यावर नव्हे. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर.

मळणी यंत्र व कडबा कुट्टी यांची झीज पाहण्यापूर्वी त्यांची झाकणे पाहावीत. जुनी यंत्रे विकावयास येतात तेव्हा पट्ट्यावरील जाळी आणि तोंडावरील झाकण बहुधा हरवलेले असते. मळणी यंत्रांवर हात तुटण्याचे प्रकार इतके घडत होते की केंद्र शासनाला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा अधिनियम करावा लागला. पेंढी टाकण्याची पन्हळ पुरेशी लांब व वरून झाकलेली असावी, म्हणजे हात दात्यांपर्यंत पोहोचत नाही. ही दुरुस्ती गावातील वेल्डिंगवाला एका दिवसात करतो. ती करून घेतल्याखेरीज यंत्र चालू करू नये.

घरातील वस्तू

घरासाठी लोखंडी खाट, कपाट, शिलाई यंत्र, सायकल, जाते, पाटा-वरवंटा या वस्तू जुन्या घेण्यात निखळ फायदा आहे. जुनी पितळी भांडी मोडीच्या भावाने मिळतात व ती नव्यापेक्षा जाड असतात. कल्हई तेवढी करून घ्यावी. मुलांची क्रमिक पुस्तके वरच्या वर्गातील मुलांकडून घ्यावीत, अभ्यासक्रम बदललेला नाही एवढे पाहावे. गाद्या-उश्या जुन्या आणल्या की सोबत ढेकूण येतात. गॅसची रबरी नळी, कुकरची सुरक्षा झडप आणि दुचाकीचे शिरस्त्राण या तीन वस्तू नव्याच हव्यात. एकदा आपटलेल्या शिरस्त्राणाचा आतला थर दबलेला असतो, वरून मात्र ते नव्यासारखे दिसते. जुना भ्रमणध्वनी संच घेताना पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक मूळ बिलाशी जुळवून पाहावा.

वेळ व कागद

खरेदीची वेळही महत्त्वाची आहे. पेरणीचे यंत्र मृगाच्या तोंडावर आणि पंप चैत्रात घेणाऱ्यास भावही जास्त पडतो आणि तपासण्यास सवडही नसते. पेरणीची अवजारे दिवाळीनंतर आणि पंप पावसाळ्यात पाहावेत. तेव्हा विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते आणि दुरुस्तीला महिने हाताशी असतात. गावातील तारतंत्री किंवा यंत्रकारागीर यांना दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा जाणत्या कारागिरांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ठेवल्यास गरजूंची सोय होईल.

विहिरीवरील मोटारी, केबल, स्टार्टर यांच्या चोऱ्या होतात, आणि चोरलेला माल कोठेतरी विकला जातोच. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असता तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. बाजारभावाच्या चौथाईत, रात्री आणि बिलाशिवाय मिळणारी मोटार कोठून आली असेल याचा विचार घेणाऱ्यानेच करावयाचा आहे. ती शेजारच्या शिवारातील एखाद्या विधवेच्या विहिरीवरचीही असू शकते.

ट्रॅक्टर घेतल्यावर चेसिस व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत, मालकी हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयात द्यावेत आणि कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ घेऊन बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. याबाबत विकणारेच अधिक बेफिकीर असतात. वास्तविक नाव बदलेपर्यंत त्या ट्रॅक्टरने झालेल्या अपघाताची भरपाई कागदोपत्री मालकाकडून वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विम्यावरही आपले नाव त्याच वेळी लावून घ्यावे.

लहान वस्तूंसाठी साधी पावती पुरते. तीवर विकणाऱ्याचे नाव व गाव, वस्तूचे वर्णन, यंत्रावरील क्रमांक, किंमत, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि वस्तू चालू स्थितीत दिली असल्याचा उल्लेख असावा. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. ही पावती वस्तू घरात असेपर्यंत जपून ठेवावी. पुढे ती वस्तू विकण्याची वेळ आली, म्हणजे गिऱ्हाइकापुढे पहिला कागद म्हणून तीच ठेवता येते.